आयगनवेर्ट : एका जर्मन गणिती शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, बीएस्सीला किंवा डेटा सायन्सच्या वर्गात 'आयगेन व्हॅल्यू' पहिल्यांदा भेटते आणि बहुतेकांना गणिताआधी तो शब्दच अडतो. इथे घेतलेले प्रश्न विद्यार्थी, शिक्षक आणि भाषांतरकार पुन्हा पुन्हा विचारतात ते आहेत. सगळी उत्तरे वाचायची गरज नाही. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आयगेन हा कोण गणितज्ञ होता? त्याचं पूर्ण नाव काय?

असा गणितज्ञ नव्हता. 'आयगन' हे जर्मन भाषेतले रोजच्या वापराचे विशेषण आहे. गैरसमज होतो त्याला कारण आहे. गाउस, हिल्बर्ट, याकोबी यांची नावे संकल्पनांना लागलेली आपण पाहतो, आणि 'आयगेन'ही कानाला जर्मन लागतो. त्यात अनेक भारतीय पाठ्यपुस्तकांत इंग्रजी शब्द तोडून, पहिले अक्षर कॅपिटल करून छापलेला असतो. त्यामुळे तो आडनावासारखाच दिसतो.

मानफ्रेड आयगेन नावाचे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होऊन गेले. अतिवेगवान रासायनिक अभिक्रियांच्या अभ्यासासाठी १९६७ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. त्यांचा जन्म १९२७ चा आणि हा शब्द १९०४ चा, तेव्हा त्यांच्यावरून तो पडणे शक्यच नाही.

२. मग या शब्दाचा सरळ अर्थ काय?

मूळ जर्मन शब्द 'आयगनवेर्ट'. 'आयगन' म्हणजे स्वतःचा, स्वतःच्या मालकीचा, त्यावरून खास त्याचाच. 'वेर्ट' म्हणजे किंमत, मूल्य. जोडून अर्थ होतो 'ज्याची त्याची स्वतःची किंमत'.

इथला 'वेर्ट' मराठी माध्यमात शिकलेल्यांना लगेच कळावा. 'क्ष ची किंमत काढा' या वाक्यात बाजारभावाचा संबंध नसतो, चलाला मिळणारी संख्या हवी असते. जर्मनमध्ये 'वेर्ट' नेमका असाच वापरतात: दुकानात किंमत, नीतिशास्त्रात मूल्य आणि गणितात चलाची किंमत.

३. 'स्वतःची' म्हणजे कुणाची? मॅट्रिक्सची की सदिशाची?

मॅट्रिक्सची. शब्द समजला की नाही, ते या उत्तरावरून कळते, म्हणून इथे थोडे थांबू.

एक २×२ मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांची चौकट, घ्या. पहिली ओळ (४, १), दुसरी ओळ (२, ३). हिने (१, ०) या सदिशाला (व्हेक्टरला) गुणले तर (४, २) मिळतो. दिशा बदलली. (१, १) ला गुणले तर (५, ५) मिळतो. दिशा तीच राहिली आणि लांबी पाचपट झाली. (१, −२) ला गुणले तर (२, −४) मिळतो. इथेही दिशा तीच, लांबी दुप्पट. म्हणून ५ आणि २ या तिच्या आयगेन किमती, आणि दिशा टिकवणारे (१, १) आणि (१, −२) हे तिचे आयगेन सदिश.

या ५ आणि २ वर मालकी (१, १) ची नाही. तोच सदिश दुसऱ्या मॅट्रिक्सपुढे ठेवला तर त्याची दिशा टिकेलच असे नाही. उलट, अक्ष बदलून हेच रूपांतरण, म्हणजे मॅट्रिक्स सदिशांत करते तो बदल, पुन्हा लिहा. ४, १, २, ३ हे आकडे पार बदलतील, पण ५ आणि २ राहतील. सोयीचे अक्ष घेतले तर कर्णावर ५ आणि २ आणि बाकी शून्य, एवढेच उरते. मॅट्रिक्समधले चार आकडे निम्मे आपल्या अक्षांच्या निवडीतून आलेले असतात. आयगेन किमती मात्र कुणी निवडलेल्या नसतात, त्या रूपांतरणाच्या अंगच्याच असतात. 'स्वतःची' हे विशेषण यामुळे चपखल बसते.

पडताळाही चटकन होतो. कर्णावरच्या आकड्यांची बेरीज ४ + ३ = ७ आणि ५ + २ = ७. निश्चयक (डिटरमिनंट) ४×३ − १×२ = १० आणि ५×२ = १०. यातले एक जरी जुळले नाही तर गणितात चूक आहे.

४. उच्चार 'ईगन', 'ईजन' की 'आयगेन'?

जर्मन उच्चार 'आय्‌गन'. ग कठोर, आणि दुसऱ्या अक्षरातला स्वर जवळजवळ गिळलेला. 'ईजन' पूर्ण चूक आहे.

एक नियम कायमचा लक्षात ठेवा. जर्मन लिपीत 'ई' आणि 'आय' ही इंग्रजी अक्षरे याच क्रमाने आली तर उच्चार 'आय' होतो, आणि उलट क्रमाने आली तर दीर्घ 'ई'. म्हणून क्लाइन, आइनस्टाइन, वायरश्ट्रास, पण रीमान. हा एक नियम पाठ असेल तर गणितातली निम्मी जर्मन नावे बरोबर म्हणता येतात.

'वेर्ट'च्या आरंभी इंग्रजी डब्ल्यू असला तरी जर्मनमध्ये त्याचा उच्चार आपल्या 'व्ह'च्या जवळचा होतो. मराठी लेखनात 'व' चालतो.

५. हा शब्द पहिल्यांदा कुणी आणि कुठे वापरला?

आजच्या गणिती अर्थाने तो जर्मन गणितज्ञ डाव्हिड हिल्बर्टने रूढ केला, १९०४ मध्ये. ग्योटिंगेनच्या शास्त्रीय संस्थेच्या वृत्तांतात त्याने रेषीय संकल समीकरणांच्या (इंटिग्रल इक्वेशन्स, ज्यांत शोधायचे फलन संकल चिन्हाच्या आत असते) सामान्य सिद्धांतावर लेखमाला सुरू केली. तिच्या पहिल्याच लेखात 'आयगनवेर्ट' आणि 'आयगनफुंक्टिओन' (आयगेन फलन) हे दोन्ही शब्द आहेत. पुढचे लेख जोडून १९१२ मध्ये त्याचे पुस्तक झाले.

मागची हकिकत अशी. स्वीडनचा ईवार फ्रेडहोल्म याने संकल समीकरणे सोडवण्याची नवी रीत काढली होती. १९००–०१ च्या हिवाळ्यात एरिक होल्मग्रेन या स्वीडिश अभ्यासकाने ती हिल्बर्टच्या सेमिनारमध्ये मांडली आणि हिल्बर्टने हा विषय मनावर घेतला. त्याने आधी मर्यादित संख्येच्या चलांचे बीजगणित केले, मग चलांची संख्या अनंताकडे नेली. त्यामुळे या शब्दाचा जन्म मॅट्रिक्सच्या पाठात झालेला नाही, संकल समीकरणांत झाला आहे. शिकवताना आपण आधी मॅट्रिक्स घेतो, म्हणून उलटे वाटते.

संकल चिन्हाच्या आत असणाऱ्या दोन चलांच्या फलनाला हिल्बर्टने याच लेखात 'केर्न' म्हटले, म्हणजे फळाच्या आतली बी, गाभा. इंग्रजीतला 'कर्नल' त्याचाच.

६. हिल्बर्टला 'आयगन'च का सुचला?

जर्मन शास्त्रीय भाषेत 'आयगन' लावून शब्द करायची पद्धत आधीपासून होती. सर्वांत जवळचा नातेवाईक ध्वनिशास्त्रातला 'आयगनटोन': बाटली, नळी, पडदा अशा कुठल्याही वस्तूचा स्वतःचा स्वर, जो ती छेडल्यावर आपसूक देते. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झच्या पिढीच्या ध्वनिविचारात ही कल्पना मध्यवर्ती होती. हिल्बर्टने शब्दाची घडण तिथून उचलली असावी असे अभ्यासक मानतात.

हे नाते नुसते भाषेचे नाही, गणिताचेही आहे. ताणलेल्या पडद्याचे कंपन समीकरणात मांडले की त्याच्या आयगेन किमतींवरून त्याचे स्वर निघतात. वारंवारता आयगेन किमतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. सगळीकडे सारख्या जाडीचा गोल पडदा घेतला तर मूळ स्वर १ धरून पुढचे स्वर १.५९३, २.१३६, २.२९६ असे येतात. हे पूर्णांक नाहीत, म्हणून साध्या ढोलाला नेमका सूर लावता येत नाही. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचे थर चढवले की पडद्याचे वजन सगळीकडे सारखे राहत नाही, आयगेन किमती सरकतात आणि सुरुवातीचे स्वर मूळ स्वराच्या १, २, ३, ४, ५ पटींच्या अगदी जवळ येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये भारतीय तालवाद्यांचा हा गुण मांडला. 'आयगनटोन' म्हणजे काय हे ज्याला कानाने समजून घ्यायचे आहे, त्याने शाई असलेल्या आणि नसलेल्या पुडीवर एकामागोमाग बोट मारून पाहावे.

७. १९०४ च्या आधी याला काय म्हणत? संकल्पना तर जुनी आहे ना?

संकल्पना अठराव्या शतकातली आहे. दालांबेर आणि लाग्रांज यांच्या यंत्रशास्त्रात ती येते. नावे मात्र बरीच होती, आणि काही अजून जिवंत आहेत.

'सेक्युलर समीकरण' हे खगोलशास्त्रातून आले. इथल्या 'सेक्युलर'चा धर्मनिरपेक्षतेशी संबंध नाही. लॅटिन 'सेकुलुम' म्हणजे पिढी, युग, शतक. ग्रहांच्या कक्षांत शतकानुशतके हळूहळू साचत जाणारे बदल काढताना जे समीकरण लागे, त्याला हे नाव. फ्रेंच गणितज्ञ कोशीचा १८२९ चा प्रसिद्ध लेख याच समीकरणावर आहे, आणि सममित मॅट्रिक्सच्या आयगेन किमती वास्तव असतात ही गोष्ट त्यात सिद्ध केली आहे. 'कॅरॅक्टरिस्टिक' म्हणजे 'लाक्षणिक' ही संज्ञाही कोशीचीच.

इंग्रज गणितज्ञ सिल्वेस्टरने १८८३ मध्ये 'लेटंट रूट', म्हणजे दडलेले मूळ, असे नाव दिले. त्याने कारणही दिले: पाण्यात वाफ दडलेली असते, तंबाखूच्या पानात धूर दडलेला असतो, तशी ही मुळे मॅट्रिक्समध्ये दडलेली असतात. उपमा सुंदर आहे, पण मागे पडली. जुन्या भारतीय पाठ्यपुस्तकांत 'लेटंट रूट' आणि 'कॅरॅक्टरिस्टिक रूट' दोन्ही सापडतात. प्रश्नपत्रिकेत यातले काहीही विचारले तरी उत्तर तेच.

८. इंग्रजीने निम्माच शब्द का भाषांतरित केला?

'वेर्ट'चे 'व्हॅल्यू' झाले आणि 'आयगन' तसाच राहिला, तो पुंजभौतिकीमुळे (क्वांटम फिजिक्समुळे). १९२६ मध्ये ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने तरंगयांत्रिकीवरचे लेख प्रसिद्ध केले. त्यांचे शीर्षकच होते 'क्वांटीकरण : एक आयगनवेर्ट-प्रश्न'. जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ घाईने जर्मन वाचू लागले आणि शब्द अर्धा सोलून तोंडी रुळला. १९२७ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनच्या 'नेचर'मधल्या पत्रात तो इंग्रजीत छापलेला दिसतो.

पर्याय होते. 'प्रॉपर व्हॅल्यू' हे फ्रेंचच्या धर्तीवरचे नाव काही काळ चालले. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ पॉल हाल्मॉस यांनी ते १९४२ पासून नेटाने वापरले आणि जर्मन-इंग्रजी संकराला विरोध केला. १९६७ च्या पुस्तकात मात्र त्यांनी ही लढाई संपली, 'आयगेन' जिंकला, असे जाहीर करून तो स्वीकारला. आमच्या मते 'प्रॉपर' हरला यात नुकसान झाले नाही. आजच्या इंग्रजीत 'प्रॉपर' म्हटले की 'योग्य' हा अर्थ आधी मनात येतो, 'स्वतःचा' नाही. 'आयगेन' परका असल्यामुळे असा घोटाळा करत नाही.

९. 'आयगन'ची व्युत्पत्ती नेमकी कशी?

जुन्या उच्च जर्मनमध्ये 'आयगान', मध्य उच्च जर्मनमध्ये 'आयगेन'. मुळात हे विशेषण नव्हे, 'मालकी असणे' या अर्थाच्या क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित आहे: 'ताब्यात घेतलेले, मालकीचे'. गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेत ते क्रियापद 'आइगान' असे मिळते. इंग्रजीतले 'ओन' (स्वतःचे) आणि 'ओ' (देणे लागणे) हे त्याचेच वंशज, डचमध्ये 'एइखेन', स्वीडिशमध्ये 'एगेन'.

मालकीचा हा मूळ अर्थ जर्मनमध्ये अजून लख्ख आहे. 'आयगनटुम' म्हणजे मालमत्ता. 'लाइबआयगन' म्हणजे ज्याच्या देहावरही जमीनदाराची मालकी आहे असा भूदास. तिथून अर्थ सरकत गेला. जे माझ्या मालकीचे ते माझे, जे माझेच ते माझे वैशिष्ट्य. 'आयगनशाफ्ट' म्हणजे गुणधर्म, 'आयगनआर्टिग' म्हणजे वेगळ्याच धाटणीचा. 'आयगननामे' म्हणजे आपल्या व्याकरणातले विशेषनाम. गणितातला 'आयगन' या सरकलेल्या अर्थावर उभा आहे.

१०. 'आयगन' आणि आपला 'ईश्वर' एकाच धातूचे, असं वाचलं. ही फॉरवर्ड केलेली थाप आहे का?

ही गोष्ट खरी आहे. असे दावे बहुतेक वेळा कानाच्या साम्यावर उभे असतात, म्हणून शंका रास्त होती. इथे कानाला साम्य फारसे नाही, पण ध्वनिनियम जुळतात.

इंडो-युरोपीय मूळ धातूचा अर्थ 'ताब्यात असणे, मालकी असणे'. त्याच्या शेवटी तालव्य क होता. संस्कृतात त्या ध्वनीचा नियमाने श होतो, जर्मानिक भाषांत ह. शत आणि हुंडर्ट, श्वन् आणि हुंड (कुत्रा) या जोड्या पाहा. मूळ भाषेत आघात नंतरच्या अक्षरावर असेल तर जर्मानिक ह पुढे ग होतो. दश याच कुळातला जर्मन 'त्सेन' (दहा) ह दाखवतो आणि 'त्स्वान्त्सिग' (वीस) मधला शेवटचा ग. 'आयगन' हे धातुसाधित असल्यामुळे आघात प्रत्ययावर होता, म्हणून त्यात ग आला. त्याच धातूचा संस्कृत वंशज म्हणजे ईश्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, त्याचा अर्थ 'ऐश्वर्ये' असा दिला आहे.

ईश् ची जुनी मालकी व्याकरणातही दिसते. या धातूचे कर्म षष्ठीत जाते, पाणिनीने त्यासाठी सूत्र दिले आहे (२.३.५२). ऋग्वेदातल्या हिरण्यगर्भ सूक्तात 'य ईशे अस्य द्विपदश्चतुष्पदः' असे येते: जो या दोन पायांच्या आणि चार पायांच्या सृष्टीचा धनी आहे. 'चा-ची-चे'ची विभक्ती घेणारा हा धातू आहे. गणेश, महेश यांतला 'ईश' हाच.

यावरून दोन गोष्टी निघत नाहीत. जर्मन शब्द संस्कृतातून गेला असे नाही. दोन्ही एका पूर्वजाची भावंडे आहेत. आणि हिल्बर्टच्या मनात ईश्वर होता असेही नाही.

११. 'वेर्ट'ची व्युत्पत्तीही संस्कृतशी जुळते का?

जर्मन 'वेर्ट', इंग्रजी 'वर्थ', गॉथिक 'वेर्थ्स' हे एकाच घरचे, एवढे निश्चित. त्यापुढे अनेक कोशकार हा शब्द 'वळणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात. लॅटिन 'वेर्तेरे' आणि संस्कृत 'वृत्' त्याच धातूचे. वर्तन, वर्तुळ हे आपले शब्द त्यातूनच आले. अर्थाचा पूल असा सांगतात: 'समोर वळलेला', म्हणून 'बरोबरीचा', म्हणून 'इतक्या मोलाचा'. हा दुवा संभाव्य मानला जातो, पण प्रश्न १० मधल्या दुव्याइतका तो पक्का नाही. लेखात वापरायचा असेल तर 'बहुधा' हा शब्द गाळू नका.

१२. हा समास कोणता? जर्मनमध्ये लिंग कसं ठरतं?

आपल्या पद्धतीने कर्मधारय: विशेषण अधिक नाम. लिंग शेवटच्या पदाचे, आपल्यासारखेच. राजपुत्र पुल्लिंगी आणि राजकन्या स्त्रीलिंगी, तसे 'वेर्ट' पुल्लिंगी म्हणून 'डेर आयगनवेर्ट', 'फुंक्टिओन' स्त्रीलिंगी म्हणून 'डी आयगनफुंक्टिओन', 'प्रॉब्लेम' नपुंसकलिंगी म्हणून 'डास आयगनवेर्टप्रॉब्लेम'. अनेकवचन 'आयगनवेर्टे'.

जर्मन समासांत दोन पदांमध्ये कधी कधी सांधणारे अक्षर येते. 'एन्टशाय्डुंग्स-प्रॉब्लेम' (निर्णयक्षमतेचा प्रश्न) यात स आहे, 'नुल्श्टेलन-झाट्स' (शून्यस्थानांचे प्रमेय) यात न आहे. 'आयगन'नंतर असे काही लागत नाही. शब्द तोडताना त्यामुळे चूक होत नाही: न पहिल्या पदाचाच आहे.

१३. 'आयगन' म्हणजे 'स्व'. मग सेल्फ-ॲडजॉइंटमधला 'सेल्फ'ही तोच का?

नाही, आणि भाषांतरात सर्वांत जास्त चुका इथे होतात. जर्मनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. 'आयगन' म्हणजे स्वतःचा, 'झेल्ब्स्ट' म्हणजे स्वतः. सेल्फ-ॲडजॉइंट ही गणितातली दुसरीच एक संज्ञा. तिचे जर्मन 'झेल्ब्स्टआड्युंगीर्ट', म्हणजे जो स्वतःच स्वतःचा सहचर आहे तो.

मराठी 'स्व' दोन्हीकडे चालतो. स्वदेश म्हणजे स्वतःचा देश, पण स्वसंरक्षण म्हणजे स्वतःचे रक्षण. म्हणून एकाच पुस्तकात दोन्ही संज्ञा 'स्व'ने सुरू केल्या तर वाचक त्यांचे नाते जोडू लागतो. त्यावर उपाय प्रश्न १५ मध्ये.

१४. इतर भाषांनी काय केलं?

बहुतेकांनी 'स्वतःचा' हा अर्थ भाषांतरित केला. फ्रेंच 'व्हालर प्रोप्र', रशियन 'सोब्स्त्वेन्नोये झ्नाचेनिये', पोलिश 'वार्तोश्च व्वास्ना', हंगेरियन 'शायात-एर्तेक'. डच आणि स्वीडिश यांना भाषांतर करावे लागले नाही, घरचेच भावंड-शब्द वापरून 'एइखेनवार्डे' आणि 'एगेनवेर्दे' झाले. इटालियनने 'आउटोव्हालोरे' करताना ग्रीक 'आउटो' म्हणजे 'स्वतः' घेतला, म्हणजे प्रश्न १३ मधला फरक पुसला. जपानी 'कोयूची'मध्ये 'अंगभूत' हा भाव आहे. चिनी भाषेत दोन शब्द चालतात, एक 'लक्षण' सांगणारा आणि एक 'मूळचा' हा भाव असणारा. कोशी आणि हिल्बर्ट दोघांचाही वारसा तिथे शेजारी शेजारी नांदतो.

१५. मराठीत लिहिताना कोणता शब्द वापरू? एकत्र की तोडून?

वर्गात किंवा लेखात 'आयगेन किंमत' किंवा 'आयगेन मूल्य' लिहा. वाचकाला तोच शब्द इंग्रजी पुस्तकात पुन्हा भेटणार आहे, आणि इंग्रजी व्याख्यानांतही संज्ञा तशीच ऐकू येते. 'आयगन' जर्मन उच्चाराला जवळचा असला तरी 'आयगेन' रुळला आहे. जर्मन शब्द उद्धृत करताना 'आयगन' आणि मराठी संज्ञा म्हणून 'आयगेन', ही वाटणी आम्ही इथे पाळली आहे.

संपूर्ण मराठी संज्ञा हवीच असेल तर आमची पसंती 'निजमूल्य'ला. 'निज' म्हणजे फक्त 'स्वतःचा', 'स्वतः' नव्हे, आणि 'निजधाम', 'निजरूप' यांमुळे तो कानाला परका नाही. 'स्व' सेल्फ-ॲडजॉइंटसाठी मोकळा राहतो. मात्र पहिल्या उल्लेखात शेजारी 'आयगेन मूल्य' द्या, नाहीतर विद्यार्थी परीक्षेत अडेल.

'निजमूल्य' हा समास असल्याने एकत्र लिहायचा. 'आयगेन मूल्य' तोडून चालते, कारण 'आयगेन'ला आपण सुटे विशेषण म्हणून वागवतो आहोत. 'आयगेन'वर इंग्रजी अवतरणचिन्हे किंवा तिरपा ठसा नको. त्याने तो पुन्हा आडनावासारखा दिसू लागतो (प्रश्न १).

१६. 'आयगनफेस' हा शब्द जर्मन आहे का?

अर्धा. चेहरा ओळखणाऱ्या संगणकीय पद्धतीसाठी टर्क आणि पेंटलंड यांच्या १९९१ च्या कामामुळे तो गाजला. शेकडो चेहऱ्यांच्या चित्रांवरून मोठी मॅट्रिक्स बनवायची आणि तिचे आयगेन सदिश काढायचे; प्रत्येक सदिश पुन्हा चित्र म्हणून छापला की भुतासारखा धूसर चेहरा दिसतो. तोवर 'आयगेन' हा इंग्रजीचा चालता उपसर्ग झाला होता, कुठल्याही नामापुढे लावता येईल असा. जर्मन माणूस आपल्या चेहऱ्याला 'आयगनेस गेझिश्ट' म्हणेल, आणि त्यात गणित नसेल.

१७. शून्य ही आयगेन किंमत चालते, मग शून्य सदिश आयगेन सदिश का चालत नाही?

किमतीला शून्य असायला हरकत नाही. पहिली ओळ (१, २) आणि दुसरी (२, ४) अशी मॅट्रिक्स घ्या. ती (२, −१) ला (०, ०) करते, म्हणजे शून्यपट. ही माहिती मॅट्रिक्सबद्दल काही सांगते: ती एक दिशा पूर्ण चिरडते, म्हणून तिचा व्यस्त (इन्व्हर्स) नाही.

शून्य सदिश मात्र प्रत्येक मॅट्रिक्सने गुणल्यावर शून्यच राहतो, आणि ५ पट म्हणा, १७ पट म्हणा, समीकरण खरेच ठरते. त्याला परवानगी दिली तर प्रत्येक संख्या प्रत्येक मॅट्रिक्सची आयगेन किंमत होईल. जे सगळ्यांचे, ते कुणाचे 'स्वतःचे' नाही. गणितातला नियम आणि शब्दाचा अर्थ इथे एकच गोष्ट सांगतात.

१८. आयगेन किमतींच्या संचाला 'स्पेक्ट्रम' म्हणतात. तोही जर्मन शब्द का?

शब्द लॅटिन, गणितातला वापर हिल्बर्टचा, १९०६ पासूनचा. त्याने तो अणूंच्या प्रकाशपटाशी नाते आहे असे जाणून दिला नव्हता. वीस वर्षांनी पुंजयांत्रिकीत अणूच्या ऊर्जापातळ्या एका कारकाच्या (ऑपरेटरच्या, म्हणजे एका फलनाचे दुसरे फलन करणाऱ्या क्रियेच्या) आयगेन किमती निघाल्या, आणि वर्णपटातल्या रेषा त्यांच्या फरकांवरून ठरतात हे स्पष्ट झाले. नाव आधी आले, कारण नंतर सापडले.

१९. जुन्या जर्मन पुस्तकातल्या आयगेन किमती माझ्या उत्तराशी जुळत नाहीत. चूक कुणाची?

बहुधा कुणाचीच नाही. हिल्बर्टने समीकरण वेगळ्या बाजूने लिहिले होते. आज आपण 'कारक लावला की फलन लँब्डापट होते' असे लिहितो (लँब्डा हे आयगेन किमतीचे चिन्ह). त्याने लँब्डा संकलाच्या आधी ठेवला: 'फलन = लँब्डा × कारक लावलेले फलन'. त्यामुळे संकल समीकरणांत त्याचा आयगनवेर्ट म्हणजे आजच्या आयगेन किमतीचा व्यस्तांक.

उदाहरण घ्या. ० ते १ या अंतरावर, दोन चलांपैकी लहान तो घेणारा केर्न. त्याच्या आजच्या पद्धतीच्या आयगेन किमती ४ ÷ ((२न − १)²π²), न = १, २, ३ … पहिली सुमारे ०.४०५, दुसरी ०.०४५, पुढे शून्याकडे घसरत जाणाऱ्या. हिल्बर्टच्या पद्धतीने याच २.४६७, २२.२१ अशा होतात आणि अनंताकडे वाढतात.

म्हणून जुना मजकूर हाती आला की आधी लँब्डा कुठल्या बाजूला आहे ते पाहा. संकल कारकाच्या किमती वाढत जात असतील तर त्या उलट्या करून मगच तुमच्या उत्तराशी ताडून पाहा. आजच्या अर्थाने आयगेन किंमत शून्य असेल तर जुन्या यादीत ती सापडणारच नाही, कारण शून्याचा व्यस्तांक नसतो. ती तिथे छापायची राहिलेली नसते.